कुत्र्या-मांजराचे जास्तीचे पैसे: घरमालकाने कशाचे घ्यावेत, किती घ्यावेत

"नाना, आमच्याकडे एक कुत्रं आहे."

"असू द्या. पण त्याचे पाच हजार वेगळे लागतील."

भुसावळला रेल्वेत बदलून आलेलं कुटुंब असो, जळगावात खोली शोधणारे विद्यार्थी असोत, की धुळ्याच्या देवपुरात नव्या नोकरीसाठी आलेलं जोडपं. घर बघताना बोलणं इथवर येतं आणि इथेच थांबतं. भाडेकरूला घर हातचं जाऊ द्यायचं नसतं, घरमालकाला विषय वाढवायचा नसतो. त्यामुळे खरा प्रश्न विचारायचा राहून जातो: हे पाच हजार कशाचे?

एकाच रकमेचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. नानांच्या मनात एक असतो, भाडेकरूच्या मनात दुसरा, आणि घर सोडायच्या दिवशी भांडण लागतं ते या फरकावरून.

पहिला अर्थ म्हणजे जास्तीची अनामत, म्हणजे डिपॉझिट. प्राण्याने काही बिघडवलं तर त्यातून कापायचं, नाही बिघडवलं तर पूर्ण परत. दुसरा अर्थ एकदाच घेतलेलं शुल्क. प्राण्याने काही करो वा न करो, ते परत मिळत नाही. तिसरा म्हणजे भाड्यातली मासिक वाढ. नाना म्हणतात, "पाच हजार राहू द्या, महिन्याला पाचशे वाढवून द्या." ऐकायला हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत महाग हेच पडतं. अकरा महिन्यांचे ५,५०० होतात. करार दोनदा वाढला, म्हणजे तेहतीस महिने झाले, की १६,५००. आणि यातला एक रुपयाही परत येत नाही, कारण ते भाडं आहे.

नियमन करायचं म्हणजे नेमकं काय, हे समजायला एवढा फरक पुरेसा आहे. या पैशांबद्दल नियम करायचे तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: या तीन प्रकारांतला कोणता चालेल, किती चालेल, आणि नुकसान झालं हे सिद्ध कोणी करायचं.

प्राण्यामुळे खरोखर काय बिघडतं

रक्कम योग्य की अयोग्य हे ठरवायचं तर आधी खर्च ओळखावा लागतो. इथे घरमालकाची काळजी खोटी नसते. पण ती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते.

फरशीपासून सुरुवात करू. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल मूत्र शोषत नाही, शोषतात ते सांधे. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. पॉलिश उडालेलं असेल तर त्यांत ओल मुरते आणि डाग धरतो. तो घालवायला लोक बाथरूमचं ॲसिड ओततात आणि नेमकं तेच नुकसान करतं. ॲसिड चुनखडीला खातं, तिथली चकाकी जाते आणि खरखरीत पांढरा ठिपका कायमचा राहतो. असा ठिपका दिसला तर तो कुत्र्याचा नसतो, साफ करणाऱ्याचा असतो. मूत्रावर ब्लीचिंग पावडरचं पाणी किंवा क्लोरीनचं द्रावण टाकणंही धोक्याचं आहे. मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो. आधी साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावं, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यावं. मांजराच्या मूत्राला तर एन्झाइमच लागतं. त्यातले यूरिक ॲसिडचे खडे पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पुसलेला वास पावसाळी दमट हवेत पुन्हा उठतो. घरात मांजर असेल तर फिनॉलवालं फिनाइलही वापरू नये, ते मांजराला विषारी असतं.

भिंतीचं थोडं वेगळं आहे आणि खान्देशात इथे मोठी गल्लत होते. तापी-गिरणेच्या काळ्या मातीवरच्या घरांना पावसाळ्यात माती फुगल्याने आणि उन्हाळ्यात ती आक्रसल्याने तडे जातात, दारं अडकायला लागतात. जोत्यातून ओल वर चढते, भिंतीला लोणा म्हणजे खारवट थर लागतो, रंगाचे पापुद्रे निघतात. घर सोडताना हे सगळं "तुमच्या कुत्र्याने केलं" या खात्यात पडतं. ओळखायची खूण सोपी आहे. लोण्याचा पट्टा जमिनीपासून सलग असतो, कधी कमरेपर्यंत चढतो, आणि खरवडला तर मिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागते. कुत्र्याच्या मूत्राचा डाग कोपऱ्यात, दाराच्या चौकटीशी किंवा खांबाला असतो, फूट-दीड फुटापर्यंतच, आणि त्याचा ओघळ खाली येतो. शंका असेल तर अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारावी. मूत्राचा डाग त्यात फिकट पिवळसर चमकतो. लोण्याची भुकटीही कधीकधी उजळ दिसते, म्हणून आकार आणि जागा दोन्ही पाहावं.

लाकूडकामात खरं नुकसान होतं. फ्लश डोअरच्या खालच्या कडेला मूत्र मुरलं की प्लाय फुगतं आणि ते दुरुस्त होत नाही. कोंडून ठेवलेला कुत्रा दार ओरबाडतो, मांजर चौकटीवर आणि मच्छरजाळीवर नखं काढतं. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. राहायला जातानाच दाराच्या तळाला आतून आठ-दहा इंच उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून घ्यावी. मांजरासाठी सुतळी गुंडाळलेला एक लाकडी खांब घरात ठेवावा. नसबंदी न झालेला बोका भिंतींवर फवारे मारतो. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते किंवा खूप कमी होते. घरमालकाला अट घालायचीच असेल तर पाच हजारांपेक्षा ही अट जास्त कामाची आहे.

गोचीड हा मात्र एक खर्च असा आहे की तो खास प्राण्यामुळेच येतो, आणि नेमका त्याचाच उल्लेख करारात नसतो. कुत्र्यावरची तांबडी गोचीड घराच्या आत वाढू शकते. मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, धाब्याच्या घरात तर मातीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते. कुत्रा गेला तरी गोचीड महिनोन्महिने उपाशी जगते आणि पुढच्या भाडेकरूच्या लेकरांना चावते. अंड्यांतली पिढी दोन-तीन आठवड्यांनी बाहेर येते, म्हणून फवारणी एकदा करून भागत नाही, तेवढ्याच अंतराने दुसऱ्यांदा करावी लागते. नेहमी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मांजराला घातक असतात. घरात मांजर असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवावं लागतं.

यापलीकडे "वास येईल", "केस पडतील", "शेजारी बोलतील" हे खर्च नाहीत, त्रास आहेत. त्रास असू शकतो. पण त्याची किंमत पैशात आधीच वसूल करता येत नाही. त्यासाठी वागण्याच्या अटी लागतात.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

पाळीव प्राण्यासाठी घरमालकाने किती पैसे घ्यावेत, याबद्दल महाराष्ट्रात स्वतंत्र नियम नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आपला मुख्य कायदा. त्यात कुत्र्या-मांजराचा विषय नाही. कलम ५६ नुसार भाडेपट्टा देताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना घरमालकाला अनामत किंवा इतर रक्कम घेता येते, आणि तिला कमाल मर्यादा घातलेली नाही. केंद्राने २ जून २०२१ ला आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत सुचवली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा करेपर्यंत कोणावर बंधनकारक नाही.

म्हणजे आज करार हाच कायदा आहे. आणि करार म्हटला की भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ येतं. भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे: नोंदलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. "कुत्र्याचे पैसे परत मिळणार नाहीत असं तोंडी ठरलं होतं," हे वाक्य म्हणूनच घरमालकाच्या फार उपयोगी पडत नाही.

तरीही प्राण्याचे पैसे करारात लिहायचे टाळले जातात. कारण सांगितलं जातं ते मुद्रांक शुल्काचं. त्याचा हिशोब एकदा करून बघावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर शुल्क लागतं पाव टक्का. ते ज्या रकमेवर लागतं तिच्यात तीन गोष्टी येतात: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम पूर्ण, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं ७,००० आणि मुदत अकरा महिने, म्हणजे ७७,०००. अनामत २०,०००, तिचं अकरा महिन्यांचं व्याज १,८३३. बेरीज ७८,८३३, तिचा पाव टक्का सुमारे १९७ रुपये. आता यात प्राण्यासाठी ५,००० ची परतीची अनामत जोडली तर शुल्क सव्वा रुपयासुद्धा वाढत नाही. तेच पाच हजार परत न मिळणारे असतील तर साडेबारा रुपये वाढतात. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५००, ती तर तशीही लागणारच. साडेबारा रुपये वाचवायला पाच हजारांचा व्यवहार हवेत ठेवू नये.

सोसायटी वेगळी, घरमालक वेगळा

ही गल्लत जवळजवळ प्रत्येक वादात सापडते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. रहिवासी संघ किंवा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लहान जातीचाच कुत्रा पाळा असं म्हणता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, आणि लिफ्टच्या वापरासाठी प्राण्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये रहिवासी संघांच्या अशा बंदीची कलमं बेकायदा ठरवली.

हा कागद घेऊन भाडेकरू घरमालकाकडे जातो आणि म्हणतो, "तुम्हाला पैसे मागताच येत नाहीत." तिथे तो चुकतो. त्या सूचना सामाईक जागा चालवणाऱ्या संस्थेसाठी आहेत. स्वतःचं घर कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचं हे घरमालक ठरवतो, आणि प्राणी नको असं तो करारापूर्वी सांगू शकतो. उलट बाजूने, घरमालकाने परवानगी दिली असेल तर सोसायटीच्या अध्यक्षांनी "भाडेकरूंना कुत्रा चालणार नाही, नाहीतर महिन्याला तीनशे" म्हणणं चुकीचं. तिथे २०१५ च्या सूचनांची प्रत जोडून सोसायटीला लेखी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी.

बाहेरच्या देशांनी काय केलं आणि काय फसलं

इंग्लंडने २०१९ मध्ये भाडेकरू शुल्क कायदा आणला. १ जून २०१९ पासून यादीत नसलेलं कोणतंही शुल्क घ्यायला बंदी झाली, आणि वर्षाला ५०,००० पौंडांपेक्षा कमी भाडं असेल तिथे अनामतीला पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आली. प्राण्याचं एकरकमी शुल्क संपलं, जास्तीची अनामतही संपली. पण भाड्यावर बंधन नव्हतं. म्हणून घरमालकांनी प्राणी असलेल्यांसाठी भाडंच वाढवून सांगायला सुरुवात केली, आणि काहींनी "प्राणी नकोत" लिहिलं. एक दार बंद केलं आणि पैसे दुसऱ्या दाराने आले, तेही परत न मिळणारे. पुढे २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्यात त्यांनी दुसरी बाजू धरली: भाडेकरूने प्राण्यासाठी लेखी विचारलं तर घरमालकाने २८ दिवसांत उत्तर द्यायचं आणि योग्य कारणाशिवाय नकार द्यायचा नाही. त्याच्या अंमलाची तारीख १ मे २०२६.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा नियम साधा आहे. प्राण्यासाठी वेगळी अनामत घेता येते, पण अर्ध्या महिन्याच्या भाड्यापर्यंत, आणि एक प्राणी असो की तीन, रक्कम एकदाच. अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यासाठी ती घेताच येत नाही. त्याच देशातल्या ऑन्टारिओत "प्राणी नकोत" हे करारातलं कलमच निरर्थक ठरतं आणि नुकसानीची अनामत घ्यायलाच मनाई आहे. तिथेही करार होण्याआधी घरमालक दुसरा भाडेकरू निवडतो, त्यामुळे लोक प्राणी लपवून घर घेतात. फ्रान्सने तर १९७० मध्येच बंदीचं कलम रद्द केलं, फक्त धोकादायक ठरवलेल्या कुत्र्यांचा अपवाद नंतर ठेवला.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. कोलोरॅडोने १ जानेवारी २०२४ पासून दोन्ही मर्यादा घातल्या: प्राण्याची अनामत ३०० डॉलरपर्यंत आणि ती परत मिळणारीच, मासिक वाढ ३५ डॉलर किंवा भाड्याच्या दीड टक्का यांतली जी जास्त असेल तेवढी.

हे आपल्या भाड्यात बसवून बघू. ७,००० भाड्याच्या घराला ब्रिटिश कोलंबियाच्या मापाने प्राण्याची अनामत होते जास्तीत जास्त ३,५००. कोलोरॅडोच्या दीड टक्क्याने मासिक वाढ होते १०५ रुपये, अकरा महिन्यांचे १,१५५. पाचशे महिना मागणं या मापाने जवळजवळ पाचपट आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे नियम व्हायचा तर तो अर्ध्या महिन्याच्या परतीच्या अनामतीचा व्हावा. एकरकमी न परतणारं शुल्क बंद व्हावं, आणि अनामत घेतली तर मासिक वाढ नसावी. अनामतीसकट सगळेच पैसे बंद करून मोकळं झालं तर जळगावसारख्या शहरात, जिथे घरमालक खालच्या मजल्यावर स्वतः राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो, तिथे तो सरळ नाही म्हणेल. त्याला भीती आहे ती नुकसानीची. ती भरून निघेल एवढी हमी त्याला मिळावी, त्याहून जास्त नाही. आणि नुकसान झालं हे दाखवायचं काम त्याचं असावं, कारण पैसे त्याच्या हातात असतात.

रक्कम अवाच्या सवा झाली की काय होतं हेही सांगितलं पाहिजे. काही जण कुत्रा लपवतात. मग लसीची नोंद घरमालकाला दिसत नाही, गोचिडीचा उपाय होत नाही. काही जण त्याला गावाबाहेर सोडून येतात. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड फक्त १० ते ५० रुपये, त्यामुळे त्याची भीती कोणाला वाटत नाही. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही. तो बऱ्याचदा गाडीखाली जातो किंवा दुसऱ्या कुत्र्यांकडून फाडला जातो.

करारात काय लिहायचं

तीन-चार वाक्यं पुरतात. मजकूर असा ठेवता येईल (यातला परवानाधारक म्हणजे भाडेकरू):

"परवानाधारकाकडे एक कुत्रा (लॅब्रॅडोर, नर, वय ३ वर्षे) असून त्यास घरात ठेवण्यास घरमालकाची संमती आहे. त्यापोटी रु. ३,५०० ही परतीची स्वतंत्र अनामत बँकेद्वारे घेतली आहे. या रकमेतून फक्त प्राण्यामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीचा खर्च, बिल दाखवून वजा करता येईल. नेहमीच्या वापरातील झीज, ओल, लोणा व बांधकामातील तडे यांसाठी वजावट होणार नाही. घर सोडतेवेळी गोचीडनाशक फवारणी परवानाधारक स्वखर्चाने दोनदा करून देईल. उर्वरित रक्कम ताबा दिल्यापासून १५ दिवसांत परत केली जाईल."

"पाळीव प्राणी" एवढंच मोघम लिहू नये. कोणता, किती, केवढा हे लिहावं. पिल्लं झाली तर काय, तेही एका ओळीत. पोपटाचा मात्र विचारच करू नये. देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, घरमालकाने परवानगी दिली तरी. चांदणी कासवाचंही तेच.

"कुत्रा गच्चीवरच बांधावा" ही अट आपल्याकडे सर्रास घातली जाते. ती मान्य करू नये. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, सिमेंटची गच्ची त्याहून कितीतरी जास्त तापते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि तापलेल्या हवेत तेही पुरत नाही. दुपारच्या दोन तासांत उष्माघात होऊ शकतो, पंजे भाजतात ते वेगळंच. आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं हाही प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. त्याऐवजी "रात्री दहानंतर व्हरांड्यात कुत्रा ठेवणार नाही" किंवा "जिन्यात आणि ओट्यावर घाण झाल्यास लगेच साफ करेन" अशा अटी घरमालकाच्या खऱ्या अडचणीला उत्तर देतात.

"भुंकला तर दर वेळी ५०० दंड" असं कलम कोणी घातलं तर त्याचा अर्थ समजून घ्यावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात स्पष्ट केलं की नुकसान झालेलंच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही.

राहायला जाताना एक तास, सोडताना एक तास

सामान आत टाकण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढावा. प्रत्येक खोलीचे चार कोपरे जमिनीपासून कमरेपर्यंत, प्रत्येक दाराची खालची कड दोन्ही बाजूंनी, मच्छरजाळ्या, भिंतींवरचा लोणा आणि तडे. तो त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे तारीख आपोआप राहते. सोबत कुत्र्याच्या लसीकरण पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवावा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की देतात, नंतर दर वर्षी पशुवैद्याने सांगितल्या तारखेला. हा एक फोटो बघून बऱ्याच घरमालकांचा अर्धा विरोध मावळतो.

सोडायच्या पंधरा-वीस दिवस आधी दोघांनी मिळून घर बघावं. म्हणजे दुरुस्ती स्वतः, स्वस्तात करून घ्यायला वेळ मिळतो आणि पहिली फवारणी तेव्हाच उरकते. वजावटीचा हिशोब जुनेपणा धरून करायचा असतो. समजा खोलीला रंग द्यायला ६,००० लागतात आणि असा रंग पाच वर्षं चालतो. रंग तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्याचं दोन वर्षांचंच आयुष्य उरलं होतं. म्हणून डागाबद्दल मागता येतील फार तर २,४००, पूर्ण ६,००० नाही. रंग पाच वर्षांहून जुना असेल तर तो खर्च घरमालकाचाच, कुत्रा असता किंवा नसता तरी. दाराचंही तसंच: खालची कड फुगली असेल तर दुरुस्तीचा किंवा जुन्या दाराच्या उरलेल्या किमतीचा खर्च, नव्या सागवानी दाराचा नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०८ भाडेपट्ट्याबाबत हेच तत्त्व मांडतं: घर होतं तसं परत द्यावं, वापरातली वाजवी झीज सोडून.

अनामत अडकवली म्हणून घर अडकवून ठेवू नये. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलं तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली घरमालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. किल्ली द्यावी, ताबा दिल्याचं लेखी घ्यावं, आणि पैसे वेगळे मागावेत. आधी वजावटीचा तपशील आणि बिलं लेखी मागायची. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून अर्ध्या रकमेवर सही करायची गरज नाही.

तीन-चार हजारांसाठी दावा लावणं परवडत नाही हे खरं. त्यासाठी लोकअदालत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. दावा दाखल न करताही तिथे अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. अर्जासोबत कराराची प्रत, बँकेची नोंद, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आणि शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ. समोरच्याला बोलावणं गेलं की पुष्कळदा तारखेआधीच फोन येतो, "या, बसून हिशोब करून टाकू." तेव्हा ताबा पावती आणि फवारणीची दोन्ही बिलं सोबत घेऊन जावं.